पाटी

वेण्णेच्या फाट्यावर, जंगलवाटेच्या तिकीट-खिडकीशेजारी
एक काळी पाटी आहे. तिला चार रकाने:
थंडी. दव. वाट. सूचना.
ती सर्जेराव निकम भरतात, रोज साडेसातला,
डाव्या हाताने, कारण उजव्याची दोन बोटं
वर राहिली.
वर म्हणजे कुठे, हे मी पहिल्या हिवाळ्यात विचारलं नाही.

डिसेंबर सरता सरता दव गोठतं.
लिंगमळ्याच्या स्ट्रॉबेरीवर, जेट्टीच्या फळ्यांवर,
रात्रभर उभ्या जीपच्या टपावर
सांडल्या मिठासारखं काहीतरी.
फोटोवाले नखांनी खरवडून त्याची ओंजळ करतात,
पुण्याची माणसं ओरडतात, बर्फ! बर्फ!
निकम मफलरीतून हसतात,
"ह्याला बर्फ म्हणलं, तर बर्फाला काय म्हणायचं?"
आणि लिहितात: दव गोठले. जेट्टी निसरडी.
अल्लाबक्षच्या टिकलीनं काल तिथंच गुडघा टेकला होता,
पाठीवर साताऱ्याचं पोर घेऊन.

वाट म्हणाल तर दीड किलोमीटर.
तांबडी माती, जांभ्याच्या पायऱ्या,
मग जांभळींखालचा गार अंधार, मग कडा.
तिच्यात पडायला आहे काय?
तरी ते चार पावलं टाकतात, काठी रोवतात,
कान देतात,
पुन्हा चार पावलं.
कड्यापर्यंत जाऊन परत आल्याशिवाय
‘खुली’ हा शब्द खडूला लावत नाहीत.
मी एकदा म्हटलं, काका, कालच तर खुली होती.
"काल," ते म्हणाले,
पुढचं वाक्य मफलरीतच राहिलं.

जानेवारीत एका सकाळी पारा शून्याला टेकला
आणि धुक्यात गिऱ्हाईक एकही नाही.
करवंदीच्या काटक्या पेटवून बसलो.
तिकडं स्नो-स्कूटर चालवायचो, ते आगीला म्हणाले,
मागं घसरगाडी, तिच्यात रॉकेल, डाक, कधी माणूस.
बर्फ डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतो.
पहाटेचा करकरतो,
दुपारचा भिजल्या पोत्यासारखा बसतो,
पोकळ असला तर
काहीच बोलत नाही.
रेडिओवर मी एवढंच सांगायचं,
वाट खुली का बंद.
एका सकाळी खुली म्हणालो.
आदल्या सांजेला बघितलेली.

पायांना फळ्या बांधून
मागून घसरत येणारे तिघं होते.
तिसरा कोरेगावचा.

त्यांनी नाव सांगितलं नाही, फक्त गाव.
मग उठून काठी घेतली,
चहा तसाच, वर साय धरलेला.

आज ते रजेवर आहेत.
वर्षातून एकच रजा, याच तारखेला;
पहाटेच्या एसटीनं कोरेगावला जातात.
खडू माझ्या हातात.
कालची अक्षरं अजून नीट वाचता येत होती,
नुसती तारीख बदलली असती
तर कुणाला कळलं असतं?

खिडकी बंद केली. कोपऱ्यातली त्यांची काठी घेतली.
चार पावलं, थांबायचं, चार पावलं.
नेच्याची पानं कढत तव्यावर पडल्यासारखी करपलेली.
कोळ्याचं एक जाळं गोठून
दोऱ्यासारखं जाड झालेलं.
गव्याच्या शेणातून अजून वाफ,
म्हणजे तो जवळच होता, मी जरा वेळ
श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही.
दुसऱ्या वळणावर मोडून पडलेली पिशाची फांदी.
कड्याच्या टोकाशी
कठड्याच्या गजाला बोट चिकटलं, क्षणभर,
आणि सोडवताना सालपट गेलं.

परतले तर खिडकीपुढे रांग,
एक टोपीवाले गृहस्थ घड्याळ दाखवत
कुणाकडे तरी तक्रार करणार म्हणून सांगत होते.
मी त्यांच्याकडे पाठ करून लिहिलं.

थंडी: दोन.
दव: गोठलेले, उन्हं येईपर्यंत जपून.
वाट: दुसऱ्या वळणावर फांदी आडवी, ओलांडून जावे.
पुढे खुली.
सूचना: गवा आहे. गजांना हात लावू नये.
आणि रकान्याबाहेर, उरल्या जागेत, बारीक अक्षरांत:
स्वतः पाहिली. आठ वाजून दहा.